गोळ्या सोडाव्याशा वाटतात, तेव्हा

गेल्या वर्षावासातली गोष्ट. आमच्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून रोज संध्याकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. एका रविवारी वंदना झाल्यावर एक काका उठून उभे राहिले. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षे झाली होती. अडीच वर्षांपासून त्यांना डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या, हे आमच्यापैकी तिघा-चौघांनाच माहीत होते. काका सर्वांसमोर म्हणाले, "आज आठ दिवस झाले, मी गोळ्या सोडल्या. आता मी मोकळा झालो." आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी 'साधू, साधू, साधू' म्हणाले.

महिनाभराने त्यांच्या पत्नी आमच्यातल्या एका ताईंच्या घरी आल्या. काकांची झोप पार उडाली होती, जेवण सुटले होते. आदल्या रात्री ते म्हणाले होते, "आता जगून तरी काय करायचं?" त्याच दिवशी त्यांना डॉक्टरकडे नेले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि दीड-दोन महिन्यांत काका सावरले. नंतर ते आम्हाला जे म्हणाले ते आम्ही विसरू शकत नाही. "तुम्ही टाळ्या वाजवल्या त्या दिवशीही मला चक्कर येत होती. डोक्यात करंट बसल्यासारखं होत होतं. पण एवढ्या टाळ्या पडल्यावर कसं सांगू, की मला बरं वाटत नाही?"

चूक काकांची होती तशी आमचीही होती. गोळ्या का सोडल्या, कशा सोडल्या, डॉक्टरांना विचारले का, यातला एकही प्रश्न आम्ही त्यांना विचारला नाही.

आम्ही म्हणजे विहाराच्या आरोग्य गटातले सहा जण. दोघी निवृत्त परिचारिका, एक जण मेडिकलच्या दुकानात पंचवीस वर्षे काम केलेले, एक शिक्षिका आणि दोघे तरुण कार्यकर्ते. काकांच्या प्रसंगानंतर आम्ही ठरवले, की ज्यांनी नैराश्याच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या आणि मग सोडल्या किंवा सोडायच्या विचारात आहेत, त्यांच्याकडे जाऊन फक्त ऐकायचे. उपदेश करायचा नाही. दहा-बारा घरी गेलो. त्या माणसांची ओळख राहू नये म्हणून काही तपशील बदलून, त्यांनी सांगितलेली कारणे इथे मांडत आहोत.

'आता बरे वाटते'

सर्वांत जास्त वेळा ऐकलेले कारण हेच. एक अंगणवाडी सेविका ताई म्हणाल्या, "चार महिन्यांत झोप लागायला लागली, कामात लक्ष लागायला लागलं. ताप उतरला की आपण गोळी थांबवतोच ना?"

ताईंचा विचार साधा आहे, पण नैराश्य तापासारखे वागत नाही. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. आणि पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवावी, असे डॉक्टर सांगतात. ज्यांना नैराश्याचा आजार पूर्वी वारंवार झालेला आहे, त्यांना दोन वर्षे किंवा जास्त. कारण बरे वाटू लागल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत आजार उलटण्याची भीती अधिक असते. चौथ्या महिन्यात वाटणारे 'बरे' हे पुष्कळदा गोळीच्या आधाराने उभे असते. बीपीची गोळी चालू असताना बीपी नॉर्मल आले म्हणून गोळी फेकून देऊ नये, हे आता आपल्या आज्यांनाही कळते. इथेही तसेच.

'सवय लागेल'

दुसरे कारण भीतीचे. 'ही नशेची गोळी आहे, एकदा लागली की सुटत नाही', असे शेजारी सांगतात, नातेवाईक सांगतात. एका वयस्क उपासकांनी तर आम्हाला गंभीरपणे विचारले, "रोज मनावर परिणाम करणारी गोळी घेणं म्हणजे पाचव्या शीलाचा भंग नाही का?"

आधी शास्त्राचे बोलू. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम, पॅरोक्सेटीन, व्हेनलाफॅक्सीन, ॲमिट्रिप्टिलीन ही नैराश्यावर दिली जाणारी नेहमीची औषधे. यांनी दारूसारखी झिंग येत नाही, तलफ येत नाही आणि तोच गुण यावा म्हणून दर महिन्याला डोस वाढवत जावे लागत नाही. या अर्थाने त्या नशेच्या गोळ्या नाहीत. पण दुसरी बाजूही खरी आहे. महिनोन्‌महिने घेतल्यावर शरीर त्या औषधाला रुळते आणि एकदम थांबवले तर त्रास होऊ शकतो. काही डॉक्टर 'काही होत नाही' म्हणून हा भाग सांगायचा राहू देतात. मग त्रास झाला की माणसाला वाटते, आपल्याला व्यसनच लागले होते.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या मात्र वेगळ्या जातीच्या. त्यांची खरोखर सवय लागू शकते. म्हणून त्या शक्यतो थोडे दिवसच द्यायच्या असतात. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम ही दोन्ही औषधे एकत्र असलेली गोळी सर्रास दिली जाते. रुग्णाला वाटते आपण एकच गोळी घेतो. ती गोळी एकदम सोडणे म्हणजे दोन औषधे एकदम सोडणे. बरेच दिवस चालू असलेले क्लोनाझेपाम अचानक बंद केले तर फिटसुद्धा येऊ शकते. तेव्हा आपल्या गोळीच्या पाकिटावर नेमकी कोणती नावे आहेत, हे मेडिकलवाल्याकडून एकदा वाचून घ्याच.

आता शीलाचे. पाचवे शील प्रमाद आणणाऱ्या मद्यादी पदार्थांपासून दूर राहायला सांगते. औषध त्यात येत नाही. भिक्खूंच्या चार गरजा सांगितल्या आहेत, त्यांत चीवर, भोजन आणि निवासाबरोबर आजाऱ्याचे औषध आहे. विनयपिटकातल्या महावग्गात तर औषधांवर एक संपूर्ण प्रकरण आहे. जीवक वैद्य खुद्द भगवंतांवर उपचार करीत. बाबासाहेबांचे शरीर अखेरच्या वर्षांत मधुमेहाने पोखरले होते. इन्शुलिन आणि औषधे घेत घेतच त्यांनी वर उल्लेख केलेला धम्मग्रंथ पूर्ण केला. औषध घेणारा माणूस दुबळ्या मनाचा, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे?

अंगावर येणारे त्रास

एका बहिणीचे वजन दीड वर्षात बरेच वाढले. एका भावाने खूप वेळ इकडचे तिकडचे बोलल्यावर सांगितले, की पती-पत्नीच्या संबंधांत अडचण येऊ लागली, म्हणून त्याने गोळी सोडली. त्याने हे ना पत्नीला सांगितले ना डॉक्टरला. या गटातल्या पुष्कळ औषधांनी लैंगिक इच्छा कमी होणे किंवा समाधान न मिळणे, हा त्रास होतो. पुरुष लाजेने बोलत नाहीत आणि स्त्रियांना तर कुणी विचारतच नाही.

तिसरी तक्रार याहून सूक्ष्म होती. एक ताई म्हणाल्या, "माझे वडील गेले. सगळं घर रडत होतं. मला रडूच आलं नाही. तेव्हा ठरवलं, ही गोळी नको." दुःखाबरोबर आनंदही बोथट होणे, सगळे सपाट वाटणे, हा अनुभव या औषधांवर असलेले अनेक जण सांगतात. तो भ्रम नाही.

ही कारणे पूर्णपणे रास्त आहेत. पण यांवर 'आजपासून बंद' एवढा एकच उपाय नसतो. डोस कमी करता येतो, औषध बदलता येते, घेण्याची वेळ बदलता येते. लैंगिक त्रास कमी असलेली औषधेही आहेत. एवढेच, की डॉक्टरांना कळले तरच ते बदलतील. तोंडाने बोलायला जड जात असेल तर चिठ्ठीवर लिहून केसपेपरबरोबर पुढे करा.

पैसा, एसटी आणि रांग

पुष्कळांनी गोळ्या 'सोडल्या' नाहीत, त्या सुटल्या. आमच्या तालुक्यात मानसोपचार तज्ज्ञ नाही. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात ठरलेल्या वारी ओपीडी असते. बाईला एसटीचे अर्धे तिकीट लागले तरी त्या दिवसाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते. सकाळपासून रांग, नंबर लागल्यावर दोन मिनिटे, तीही नव्या डॉक्टरांसमोर. कधी औषध संपलेले, 'बाहेरून घ्या' म्हणून चिठ्ठी. मग सोयाबीनच्या हंगामात एक तारीख हुकते, नंतर दुसरी, आणि गोळी बंद होते. हा रुग्णाचा निर्णय आहे असे आम्हाला म्हणवत नाही.

याबाबत आपला हक्क काय, ते लक्षात ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. सरकारी खर्चाने मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क त्याने प्रत्येकाला दिला आहे. अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजाराची औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळाली पाहिजेत, असे त्यात म्हटले आहे. फ्लुओक्सेटीन आणि ॲमिट्रिप्टिलीन राष्ट्रीय यादीत आहेत. बाहेरूनच घ्यावे लागले तर जनऔषधी केंद्रात तेच औषध स्वस्त मिळू शकते. आणि औषध मिळत नसेल तर तोंडी भांडण्यापेक्षा लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

लोक, लग्न आणि नोकरी

लग्न ठरलेली मुलगी. आईने गोळ्यांचे पाकीट कपाटातून काढून टाकले, 'सासरी कळलं तर?' म्हणून. सरकारी कचेरीतला एक लिपिक भाऊ गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत ठेवायचा. "आधीच 'कोट्यातला' म्हणून टोमणे असतात. त्यात हे कळलं तर म्हणतील, बघा, याला काम झेपत नाही." शेवटी लपवायचा कंटाळा आला म्हणून त्याने गोळ्याच बंद केल्या. आपल्या माणसाला आजारही दोनदा सिद्ध करावा लागतो आणि तंदुरुस्तीही, हे त्याचे म्हणणे आम्हाला खोडता आले नाही. एवढे मात्र सांगता आले, की याच कायद्याप्रमाणे उपचारांची माहिती गुप्त राहणे हा रुग्णाचा हक्क आहे. डॉक्टरांनी किंवा दवाखान्याने ती कचेरीला सांगायची नसते.

'माझ्या दुःखाचे कारण गोळीत नाही'

एम.एस्सी. करणारा एक तरुण आम्हाला म्हणाला, "वर्गात मला रोज आडून बोलतात. माझा आजार माझ्या डोक्यात नाही, त्या वर्गात आहे. मग गोळी मी का खायची?"

या प्रश्नावर आम्ही बराच वेळ गप्प होतो, कारण त्याचे निम्मे म्हणणे बरोबर आहे. मेंदूत सेरोटोनिन कमी पडते म्हणून नैराश्य येते, असे पूर्वी सरसकट सांगत. आज शास्त्रज्ञ ते इतके सोपे मानत नाहीत. अपमान, बेकारी, कर्ज, घरातली मारहाण, एकटेपण यांनी माणूस आजारी पडतो आणि गोळी जातिभेद पुसत नाही. पण समजा, कुणी आपल्याला काठीने मारले आणि हात मोडला. दोष मारणाऱ्याचा. त्याच्यावर गुन्हा नोंदवायचाच. तरी मोडलेला हात आपला आहे, त्याला प्लास्टर आपणच घालायचे. त्या तरुणाने तक्रार अर्जही दिला आणि समुपदेशनही सुरू केले. गोळी चालू ठेवायची की नाही, याचा निर्णय तो डॉक्टरांशी बोलून घेणार आहे. केवळ गोळी लिहून देऊन माणसाचे काय झाले हे न विचारणारा उपचार अपुराच असतो, हे त्याचे म्हणणे आम्हाला पटले.

'आता पुरे झाले'

एक निवृत्तीला आलेल्या मुख्याध्यापिका आठ वर्षे तीच गोळी घेत आहेत. सहा वर्षांत त्यांना कसला त्रास नाही. "ही गोळी अजून लागते का, हे मला एकाही डॉक्टरनं विचारलं नाही. चिठ्ठी पुढं चालू. गोळीशिवाय मी कशी आहे, हे मला एकदा बघायचंय."

यात चूक काय? काहीच नाही. आपल्या शरीरात जाणाऱ्या औषधाविषयी प्रश्न विचारणे हा शहाणपणा आहे. दीर्घकाळ गोळी चालू असलेल्या प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा डॉक्टरांना सरळ विचारावे: ही अजून कशासाठी? किती दिवस? कमी करून बघता येईल का? मूल हवे असलेल्या बहिणींनी तर हे आधीच विचारावे. पाळी चुकली म्हणून घाबरून त्याच दिवशी गोळ्या टाकून देऊ नयेत.

सोडले तर काय होते?

इंग्लंडमध्ये यावर एक चांगला अभ्यास झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. बरेच दिवस गोळ्या घेणारे, आता बरे असलेले आणि सोडायचा विचार करणारे ४७८ जण त्यात होते. निम्म्यांची गोळी चालू ठेवली. निम्म्यांची हळूहळू कमी करत बंद केली. कोणत्या गटात आपण आहोत हे त्यांना माहीत नव्हते. वर्षभरात गोळी सोडलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांचा आजार उलटला. चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांचा उलटला.

या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. गोळी सोडल्याने धोका वाढतो, हे खरे. पण सोडलेल्या शंभरातले ४४ वर्षभर बरे राहिले, हेही खरे. म्हणून 'जन्मभर घ्यावीच लागेल' हे सरसकट सांगणे जसे चूक, तसेच 'सोड, काही होत नाही' हेही चूक. आजार पूर्वी किती वेळा झाला, किती तीव्र होता, जिवाला धोका झाला होता का, घरी आधार आहे का, यावर ते ठरते.

गोळी सुटल्याचा त्रास हा वेगळा भाग. चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटणे, विचित्र स्वप्ने, चिडचिड, घाम, झोप न लागणे. २०२४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. साधारण सहा-सात जणांमागे एकाला औषध थांबल्यामुळे असा त्रास होतो, असे त्यांना आढळले. तीव्र त्रास थोड्यांना होतो. यातले बरेच अभ्यास कमी काळ गोळ्या घेतलेल्यांचे होते. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांना त्रास जास्त होऊ शकतो. पॅरोक्सेटीन आणि व्हेनलाफॅक्सीन सोडताना तो अधिक दिसतो. फ्लुओक्सेटीन शरीरातून सावकाश जाते, म्हणून तिथे कमी.

हा त्रास आणि उलटलेला आजार यांत लोकांची गल्लत होते. गोळी थांबल्यावर दोन-चार दिवसांतच चक्कर आणि झटके सुरू झाले, जे मूळ आजारात कधी नव्हते, तर तो बहुधा गोळी सुटल्याचा त्रास. फ्लुओक्सेटीनच्या बाबतीत तो आठवड्यांनीही दिसू शकतो. उदासी, निराशा, कशातच रस नसणे हे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हळूहळू परत येऊ लागले, तर आजार उलटत असावा. आमच्या काकांना आधी पहिले झाले, मग दुसरे. दोन्ही वेळा त्यांना वाटले, आपलेच मन कच्चे.

सोडायचेच असेल तर

मनाशी ठरवले असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. 'रागावतील' म्हणून गप्प राहू नका. एका डॉक्टरांनी ऐकून घेतले नाही तर दुसऱ्यांना विचारा.

वेळ निवडा. घरात लग्न, मृत्यू, परीक्षा, कर्जाचा ताण, बाळंतपण अशा काळात सुरुवात नको. चांगले दिवस चालले असतील तेव्हा करा.

डोस पायरीपायरीने कमी करा. किती आणि किती दिवसांनी, हे डॉक्टर ठरवतील. काहींना काही आठवडे पुरतात, वर्षानुवर्षे घेणाऱ्यांना कित्येक महिने लागू शकतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. जुन्या विहिरीच्या खालच्या पायऱ्या जशा उंच असतात, तसे या औषधांचे आहे. मोठ्या डोसवरून मध्यम डोसवर येणे सोपे जाते. शेवटच्या लहान डोसवरून शून्यावर येणे सर्वांत अवघड, कारण कमी डोसचाही मेंदूवर बराच परिणाम असतो. म्हणून शेवटी घाई करू नये. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची २०२२ची मार्गदर्शिकाही प्रत्येक वेळी आधीच्या डोसच्या प्रमाणात कमी करायला सांगते.

'एक दिवसाआड घेतो' हा घरगुती मार्ग बहुतेक गोळ्यांना चालत नाही. औषध एक दिवस शरीरात, एक दिवस नाही, असे होऊन त्रास वाढतो. गोळीचे तुकडे करण्याआधीही विचारा, काही गोळ्या तोडायच्या नसतात.

वहीत रोज दोन ओळी लिहा: झोप किती, चक्कर आहे का, मन कसे. त्रास वाढला तर आधीच्या डोसवर परत जाता येते. त्यात हार नाही.

बोलून करायचे उपचार, रोजचे चालणे, माणसांत मिसळणे, दारूपासून दूर राहणे हे गोळी कमी करताना अधिकच लागते. ध्यानाचाही अनेकांना उपयोग होतो. पण विपश्यना शिबिराला जायचे म्हणून गोळ्या बंद करून जाऊ नका. शिबिराच्या अर्जात आजार आणि औषधांची माहिती विचारलेली असते, ती खरी भरा.

आणि कधीही 'जगू नये' असे विचार आले, तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते. घरच्यांना सांगा, त्या रात्री एकटे राहू नका.

आपण सर्वांनी काय करावे?

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत केलेल्या पाहणीत असे दिसले, की वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. इतक्या अडचणींतून जो दवाखान्यापर्यंत पोचला, त्याला आपल्या एका शब्दाने मागे ओढू नये. 'अजून गोळ्या खातोस?' हा प्रश्न बंद करू या. तसेच 'गोळ्या सोडल्या? शाब्बास!' हेही.

महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता, कुणी विचारत नव्हते. भगवंतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतःच्या हाताने त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. त्याच ठिकाणी भगवंतांनी सांगितले आहे, की कोणत्या आजाऱ्याची शुश्रूषा करणे कठीण जाते. जो औषध घेत नाही त्याची, आणि जो आपले दुखणे वाढले की कमी झाले हे हितचिंतकाला जसेच्या तसे सांगत नाही त्याचीही. शुश्रूषा करणाऱ्याचे गुणही तिथे सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता आले पाहिजे, त्याच्या मनात मैत्री हवी, त्याला घृणा नसावी, आणि प्रसंगी धम्माच्या बोलण्याने आजाऱ्याला धीर देता आला पाहिजे. म्हणजे औषध आणि धम्म एकाच यादीत आहेत. त्यांतले एक निवडायला भगवंतांनी सांगितलेले नाही.

आजाऱ्याने जसे आहे तसे सांगावे, असे वाटत असेल तर ऐकणाऱ्याने तशी जागा ठेवली पाहिजे. आम्ही टाळ्या वाजवून ती जागा बंद केली होती.

काका आता बरे आहेत. गोळी चालू आहे. ती कमी करायची इच्छाही आहे. त्यांनी या वेळी ते डॉक्टरांना सांगितले. डॉक्टर म्हणाले, "आणखी वर्षभर तब्येत अशीच राहू दे, मग आपण मिळून हळूहळू कमी करू." काकांनी ते वहीत तारखेसह लिहून ठेवले आहे. या वर्षावासातही ते रोज वाचनाला येतात. रविवारी वंदनेनंतर आमच्यातले कुणीतरी त्यांच्या शेजारी जाऊन बसते आणि विचारते, "काका, या आठवड्यात झोप कशी होती?" कधी ते म्हणतात, चांगली. कधी म्हणतात, नाही. दोन्ही उत्तरे आम्ही ऐकून घेतो.